सुमनचं वाढणं

सुमन कुणाच्याही ताटाजवळून हलायची नाही. माणूस जेवायला बसला की ही पदर खोचून शेजारी उभी. एका हातात पातेलं, दुसऱ्या हातात पळी. "पुरे" म्हटलेलं तिला ऐकूच यायचं नाही. एरवी शेजारच्या खोलीत चमचा पडला तरी ऐकू यायचा.

इथल्या मराठी मंडळाच्या जगतापबाई म्हणाल्या, "काका, काकूंवर तुम्हीच लिहा. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर अन्नपूर्णा होत्या म्हणून लिहील आणि मोकळा होईल." मी सातवी शिकलेला. आयुष्यभर भट्टीपुढं बसलो, कागदापुढं बसायची सवय नाही. पण बाईंचं म्हणणं पटलं. मंडळाच्या शोकसभेत अन्नपूर्णा हा शब्द चौघांनी वापरला आणि चारही वेळा मला उठून जावंसं वाटलं. सुमनला तो शब्द सोसला नसता. का, ते लिहितो.

आम्ही विट्याकडचे. आमच्या भागातली पोरं मिसरूड फुटायच्या आत गलाईच्या धंद्यासाठी घर सोडतात. जुनं सोनं-चांदी वितळवायचं, तेजाबात घालून शुद्ध करायचं. कुणी मद्रासला जातो, कुणी दिल्लीला. मी कलकत्त्याला आलो, बऊबाजारात. लग्नानंतर सुमन आली. सियालदह स्टेशनाच्या मागच्या एका गल्लीत तळमजल्याच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, त्यातच जन्म गेला. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली.

सुमनला बंगाली यायचं नाही आणि त्याची तिला लाज नव्हती. मराठी बोलायची आणि शेवटी एखादा बंगाली शब्द चिकटवायची. बाजारात भाजीवालीला म्हणायची, "अगं, कालची वांगी किडकी निघाली, भालो ना." भाजीवाली हसायची आणि दोन वांगी जास्त टाकायची. नवीन मोलकरणीला काम सांगायच्या आधी जेवायला घालायची. मी म्हणायचो, "अगं, उद्या ती आली नाही तर?" ती म्हणायची, "नाही आली तर नाही. जेवली तर आहे."

मंडळात तिच्या पंगतीची दहशत होती. एका गुढीपाडव्याला बँकेतले एक साहेब पहिल्यांदाच आले होते. नुकतीच बदली झालेली, बायको पुण्यात, माणूस एकटा. त्यांनी श्रीखंड नको म्हणून ताटावर आडवा हात धरला. सुमननं त्या हातावरच वाढलं. साहेब बघत राहिले.

"वहिनी, हे काय?"

"तुम्हीच जागा दाखवलीत."

"अहो, मला साखर आहे!"

"मग आधी बोलायचं. चिमणीसारखं टिपत बसलात, मला वाटलं लाजताय."

सगळी पंगत हसली. साहेबही हसले आणि हात चाटून पुसला. नंतर ते दर रविवारी आमच्याकडं जेवायला येत. त्यांच्यासाठी सुमन बिनसाखरेचं काहीतरी वेगळं करायची आणि तेही हातावर वाढीन म्हणून धमकी द्यायची.

आता निमाइदांचं सांगतो. त्यांच्याशिवाय सुमन सांगून होत नाही.

आमच्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे. त्यात निमाइदा राहायचे. एका छापखान्यात खिळे जुळवायचं काम करून निवृत्त झालेले, लग्न केलेलं नाही. सडपातळ, धुवट पांढरा लेंगा, बोलणं हळू. खोलीत एक खाट आणि पुस्तकं. चूल नाही, स्टोव्ह नाही, पातेलं म्हणून नाही. दोन्ही वेळा स्टेशनाजवळच्या एका भाताच्या हॉटेलात जेवायचे, ठरलेल्या बाकावर. भात, डाळ, माशाचा रस्सा. त्या हॉटेलात त्यांना कधी काही सांगावं लागायचं नाही. सुमनला ते बउदि म्हणायचे, म्हणजे वहिनी.

सुमन संकष्टी करायची. दिवसभर पाण्यावर. चंद्र दिसल्याशिवाय जेवण नाही, आणि आमच्या गल्लीत चंद्र दिसायला गच्चीच गाठावी लागते. गुडघे दुखायला लागल्यावर निमाइदा म्हणाले, "बउदि, तुम्ही चढू नका. मी बघून सांगतो." मग दर संकष्टीला ते गच्चीच्या कठड्याशी उभे राहायचे आणि वरून ओरडायचे, "बउदि, चाँद उठेछे!" एकदा ढगामुळं चंद्र दिसेना, तर हिचा जीव जायला नको म्हणून ते खोटंच ओरडले. सुमननं आरती केली, मोदकांचं ताट घेऊन तशीच वर गेली आणि आभाळ बघितलं.

"कुठाय चाँद?"

"होता आत्ता," निमाइदा म्हणाले.

"मला खोटं बोलून जेवायला लावता?"

"तुम्ही खरं बोलून सगळ्यांना लावता," ते म्हणाले.

ती रागावली असती, पण ते बोलताना मोदक खात होते.

ते तिला विचारायचे, दिवसभर उपाशी राहून मग एवढं कसं खाता? सुमन सांगायची, उपास सोडताना पोटभर खायचं असतं, गोड खायचं असतं, तूप वाढायचं असतं. तिच्या आईनं तसंच केलं, आजीनंही तसंच. आमच्याकडं सगळे तसंच करतात. उपास किती कडक, त्यावर पारण्याचं पान ठरतं. हे तिला इतकं पक्कं होतं की त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलं नाही. मलाही वाटलं नाही.

टाळेबंदी लागली तेव्हा आम्ही गावी होतो, पुतण्याच्या लग्नाला. चार दिवसांसाठी गेलो ते कित्येक महिने अडकलो. घरातले बाकीचे भाडेकरूही आपापल्या गावी गेले होते. गाड्या सुरू झाल्यावर पहिली जमली ती पकडून परत आलो. संध्याकाळची वेळ. जिन्यात अंधार होता, आणि खालच्या पायरीवर कुणीतरी बसलं होतं. सुमनला वाटलं भिकारी शिरलाय. "ए, कोण रे?" म्हणाली. तो माणूस उठायला लागला आणि त्याला उठता येईना.

निमाइदा होते.

भाताचं हॉटेल बंद झालं होतं. सुरुवातीला कुणी कुणी डबे वाटत होतं, पण रांगेत उभं राहणं त्यांना जमलं नाही. मुडी आणली, म्हणजे आपले चुरमुरे. गल्लीतला एक चहावाला चोरून चहा द्यायचा, तो प्यायले. मग नुसता चहा. नंतर खाली उतरायचंच बंद केलं, भूक लागेनाशी झाली म्हणाले. पाणी प्यायचं आणि पडून राहायचं. आम्ही येतोय हे घरमालकाकडून कळलं, म्हणून धरत धरत खाली आले होते. लेंगा सुतळीनं बांधलेला. दंडाची कातडी लोंबत होती, आणि गालफडं अशी बसलेली की दातच तेवढे दिसायचे.

सुमननं प्रवासाच्या पिशव्या दारातच टाकल्या. अंगावरचं लुगडंही बदललं नाही. गावाहून आणलेलं तूप, गूळ, डाळ त्या पिशव्यांतच होतं. अर्ध्या तासात तिनं मऊ भात, वरण, वर तुपाची धार असं पान मांडलं. बाजूला गुळाचा खडा. निमाइदांनी पहिला घास घेतला आणि रडायला लागले. रडतच खात होते. सुमन तशीच उभी, हातात पातेलं.

"घ्या. अजून घ्या. आता मी आलेय."

त्यांनी दोन्ही हात ताटावर धरले नाहीत. तेवढं जरी केलं असतं तरी चाललं असतं. पण त्यांनी मागून घेतलं. उपाशी माणूस नाही म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं पुरण घातलं. मी म्हटलं, "आज कुठला सण?" तर म्हणाली, "एवढ्या मोठ्या उपासाचं पारणं भातावर करतात का?" पोळ्या, दूध, वर साखर. तिसऱ्या दिवशी शिरा. ती गात होती त्या दिवशी. खरंच गात होती, भांडी घासताना.

निमाइदांचा चेहरा भरल्यासारखा दिसायला लागला. पाय चांगले जाड झाले. सुमननं मला हाक मारून दाखवलं, "बघा अहो, अंग धरलं की नाही! दोन दिवसांत मूठभर मांस चढलं." मी बघितलं आणि म्हटलं, हो, चढलं.

ते मांस नव्हतं, पाणी होतं. हे आम्हाला नंतर कळलं.

मग ते बसल्या जागी धापा टाकायला लागले. हात थरथरायचा, वाटी धरता येईना. डोळे एका जागी ठरेनात. सुमनला त्यांनी "दिदि" म्हणून हाक मारली. त्यांची बहीण वारून बरीच वर्षं झाली होती. तेव्हा आम्ही घाबरलो. टॅक्सी मिळायला वेळ लागला. हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टरीण होती, नखशिखांत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. तिनं पहिला प्रश्न विचारला, किती दिवस उपाशी होते आणि आता काय काय खाल्लं? सुमननं सगळं सांगितलं. अभिमानानं नाही, पण सगळं. पुरण म्हणजे काय हे त्या पोरीला कळेना, तर तेही समजावून दिलं, किती डाळ, किती गूळ. डॉक्टरीण लिहीत होती, ती थांबली.

ती जे बोलली ते मला जेवढं कळलं तेवढं लिहितो. माणूस फार दिवस उपाशी राहिला की शरीर बाहेरचं काही मिळणार नाही असं धरून चालतं. आपलीच चरबी, आपलंच मांस जाळून दिवस काढतं. सगळं मंद करतं, हृदयसुद्धा. अंगातले क्षार, जीवनसत्त्वं संपत आलेली असतात, पण काम कमी असल्यामुळं तेवढ्यावर भागतं. अशात एकदम भात, साखर, गूळ पोटात गेला की सगळं शरीर एकाच वेळी कामाला लागतं आणि रक्तातले उरलेसुरले क्षार ओढून घेतं. मग हृदयाला चालायला काही उरत नाही. श्वासाच्या स्नायूंना उरत नाही, मेंदूला उरत नाही. पाणी साचतं. डॉक्टरीण म्हणाली, "अशा पेशंटला आम्ही पहिले काही दिवस अगदी थोडं थोडं देतो. आधी जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, रोज रक्त तपासायचं."

सुमननं विचारलं, "जेवल्यानं?"

"हो मासिमा. जेवल्यानं."

"मी घातलं नसतं तर अशी वेळ आली नसती?"

डॉक्टरीण म्हणाली, "तसं सांगता येत नाही. वय आहे, शरीर फार झिजलंय. कदाचित तरीही हीच वेळ आली असती." चांगली पोरगी होती. पण सुमननं पहिलंच उत्तर धरून ठेवलं.

निमाइदा दुसऱ्या दिवशी पहाटे गेले.

घरी आल्यावर तिनं ते पातेलं घासून पालथं घातलं. मग एकदम म्हणाली, "तुम्ही नवी मूस थेट भट्टीत घालता का हो?"

मूस म्हणजे आम्ही ज्यात सोनं वितळवतो ते भांडं. नवी मूस एकदम आगीत ठेवली तर तडकते. आधी भट्टीच्या काठावर शेकत ठेवायची, हळूहळू आत सरकवायची. जन्मभर केलंय. डबा घेऊन दुकानात यायची तेव्हा तिनंही बघितलंय.

"नाही घालत," मी म्हटलं.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"मला सुचलंच नाही गं. माणसाचं कुणाला सुचतं?"

"मलाही नाही सुचलं," ती म्हणाली.

निमाइदांना एक भाची होती, रूपा. बजबजला राहते, लहान मुलांच्या शिकवण्या घेते. आई-वडील नाहीत, मामा एवढाच तिचा माणूस. ती घाटावर आली, सुमनच्या पाया पडली आणि रडत म्हणाली, "मासिमा, तुम्ही होतात म्हणून मामा जेवून तरी गेले. नाहीतर उपाशी गेले असते." सुमन तिला उठवू शकली नाही. तशीच उभी राहिली, रूपाचं डोकं तिच्या पायावर. तो नमस्कार तिला कधी पचला नाही.

त्यानंतर तिचं वाढणं बदललं. करायची सगळं, पण पान मांडून आत जाऊन बसायची. बँकेतले साहेब एकदा आले. ताटापुढं बसून वाट बघत राहिले. शेवटी हाक मारली, "वहिनी, आज कुणी दम देत नाही, जेवण जात नाही."

आतून आवाज आला, "पोट तुमचं आहे. तुम्ही बघा."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. पुन्हा ते फारसे आले नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही.

ती एकच गोष्ट म्हणत राहिली, मला रूपाला सांगायचंय. मी म्हणायचो, काय सांगणार? गेलेला माणूस येणार आहे का? ती म्हणायची, "तिनं मला नमस्कार केला तो खोटा आहे. तो माझ्याकडं ठेवायचा नाही मला." मी तिला जाऊ दिलं नाही. कधी म्हटलं तब्येत बघ, कधी म्हटलं गर्दी असते, कधी नुसताच ओरडलो. अशी वर्षं घालवली. मला वाटायचं मी तिला सांभाळतोय.

गेल्या दिवाळीनंतर तिच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी औषधं दिली, जिने चढू नका म्हणून सांगितलं. घरी येऊन ती म्हणाली, "आता चला बजबजला. एकटी जाईन नाहीतर." ती गेली असती. म्हणून मी निघालो.

सियालदहहून लोकल धरली. कुणाच्या घरी जाताना सुमनच्या हातात डबा नाही असं मी पहिल्यांदा बघितलं. गाडीत बसल्यावर म्हणाली, "रिकाम्या हातानं जायची लाज वाटते हो. पण डबा पुढं करून ही गोष्ट सांगता येत नाही."

रूपाची खोली एका बंद पडलेल्या जूटमिलच्या चाळीत आहे. आम्हाला बघून तिला इतका आनंद झाला की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. मी दाराजवळच्या स्टुलावर बसलो. सुमन तिच्यासमोर खाटेवर. तिनं तिच्या त्या मोडक्या बंगालीत सगळं सांगितलं. भात, तूप, गूळ, पुरण, सुजलेले पाय. डॉक्टरीण काय म्हणाली ते. शब्द अडला की मी सांगायचो. काहीही लपवलं नाही.

रूपा रडली नाही. म्हणाली, "मासिमा, हे मला कशाला सांगितलंत?"

रूपानं फळीवरचा फोन हातात घेतला.

"मी दर रविवारी त्यांना फोन करायची. 'खेयेछो?' विचारायची. जेवलात का? ते म्हणायचे, 'खेयेछि.' मी फोन ठेवायची. काय खाल्लं, हे एकदाही विचारलं नाही. तुम्ही त्यांना पोटभर घातलंत, एवढ्या एका गोष्टीवर मी आजपर्यंत झोपत होते."

आणि ती आत गेली. आत म्हणजे पडद्यामागं, खोली एकच होती. आम्ही बसून राहिलो. पडद्याखालून तिचे पाय दिसत होते, हलत नव्हते. मग मी सुमनच्या खांद्याला हात लावला आणि आम्ही निघालो.

परतीच्या गाडीत ती म्हणाली, "मी पुन्हा तेच केलं का हो?" मला कळलं ती काय विचारतेय, सगळं एकदम वाढलं का. मी खिडकीबाहेर बघितलं.

घरी आलो, ती कपडे न बदलता पलंगावर बसली. मी चहा ठेवायला आत गेलो. बाहेर येतो तर तिनं फोन लावला होता. दोन्ही हातांनी फोन धरलेला, कानाशी घट्ट. मी दारातच थांबलो. त्यानंतर ती महिनाभर होती, औषधं, हॉस्पिटल, सगळं झालं, मुलगी आली, पण मला सुमन आठवते ती त्या पलंगावरची.

"रूपा? मासिमा बोलते. खेयेछो?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं. छोटंसं.

"काय खाल्लंस?"

मला वाटलं पलीकडून फोन ठेवला असेल.

"काय खाल्लंस ते सांग मला," सुमन म्हणाली. आवाज चढवला नाही. "सकाळपासूनचं सांग."

ती ऐकत राहिली. मान हलवत राहिली. मग म्हणाली, "नुसत्या चहावर नाही राहायचं. ऊठ. गॅस पेटव. घरात तांदूळ आहेत? मग मूठभर लाव. नाही, जास्त नको. मूठभरच. बटाटा असला तर त्यातच टाक."

मी चहाचा कप घेऊन उभा होतो. तिनं माझ्याकडं बघितलं आणि हातानंच थांबा म्हणून सांगितलं.

"मला कुठं जायचंय? मी आहे. शिजेपर्यंत बसते फोन धरून. तू बोलू नकोस, काम कर. मी ऐकतेय."